जोडलेल्या माहितीचें मोल

विद्यार्थिमित्रहो, अशी कल्पना करा कीं, जत्रेंत आईचा हात सुटून एक मूल चुकून आगगाडींत बसलें व दूरच्या शहरीं उतरलें. आई आपल्या गांवच्या पोलीसठाण्यांत मूल हरवल्याची नोंद करविते. तिकडे त्या शहरच्या ठाण्यांत मूल सांपडल्याची नोंद होते. दोन्ही नोंदी खऱ्या व वेळेवर केलेल्या; परंतु दोन वह्यांची एकमेकींशीं ओळख नसल्यामुळें आईच्या डोळ्यांचें पाणी खळत नाहीं. सरकारजवळ माहिती नसते असें नाहीं. ती विखुरलेली असते.

ही उणीव भरून काढण्यासाठीं भारत सरकारनें २००९ सालीं देशांतील पोलीसठाणीं संगणकांनीं जोडण्याची 'सीसीटीएनएस' ही योजना मंजूर केली व तिजकरितां २००० कोटि रुपये ठरविले. पुढें २०२२ सालीं पोलीस, न्यायालयें, तुरुंग, सरकारी वकील व न्यायसाहाय्यक प्रयोगशाळा यांची माहिती परस्परांस मिळावी म्हणून 'आयसीजेएस' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यास ३३७५ कोटि रुपये मंजूर झाले.

एवढा पैसा कशास लागतो? यंत्रें घेतलीं कीं काम झालें, असा पुष्कळांचा समज असतो. पण जुन्या वह्यांतील नोंदी संगणकांत उतरवाव्या लागतात, अंमलदारांस शिक्षण द्यावें लागतें आणि सर्वांची लिहिण्याची रीत एक करावी लागते. एकानें 'पाटील' व दुसऱ्यानें 'पाटिल' लिहिलें, तर यंत्रास तीं दोन माणसें वाटण्याचा संभव असतो.

केवळ पैशानें हें साधत नाहीं. अमेरिकेंतील एफबीआय या तपासखात्यानें सुमारें १७ कोटि डॉलर खर्चून आरंभिलेली अशीच एक योजना २००५ सालीं सोडून दिली. कारण काय हवें हें आधीं नीट ठरलें नव्हतें आणि मागण्या वारंवार बदलत गेल्या.

आणखी एक गोष्ट. माहिती एकत्र आली कीं तिचा दुरुपयोगहि सोपा होतो. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला आहे. म्हणून कोणी, केव्हां व कशासाठीं माहिती पाहिली याची नोंद ठेवण्यावरहि पैसा खर्च झाला पाहिजे.

पालकहो, हा पैसा आपल्या करांतून येतो. तेव्हां किती यंत्रें घेतलीं एवढेंच न विचारतां, हरवलेलें मूल आईस लौकर भेटतें काय आणि आपल्या घरची गोष्ट सुरक्षित राहते काय, हे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावे.