जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं खरं, पण काम थांबवायचं कुठे?

जुनी गाडी दुरुस्त करायला घेतली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता खोललंच आहे तर हेही करून टाकू." ऐकायला किती साधं वाटतं! पण याच वाक्यामुळे कित्येक गाड्या वर्षानुवर्षं अर्धवट खोललेल्या अवस्थेत शेडमध्ये पडून राहतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. एक बटण बदलायला जायचं आणि सगळं ॲपच नव्याने लिहायला घ्यायचं!

शिरूर अनंतपाळला आमच्या घरी आजोबांनी घेतलेली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बरीच वर्षं ती शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती. आता वडिलांना ती पुन्हा चालवायची आहे, आणि इंजिन बेमध्ये, म्हणजे बॉनेटखालच्या सगळ्या भागात, किती काम करायचं हे ठरवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी ते कसं ठरवलं ते सांगतो. तुमच्याकडे जुनी जीप किंवा स्कूटर असेल तरी हिशोब हाच लागू पडेल.

आधी गाडी समजून घ्या

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केली. 'पद्मिनी' हे नाव गाडीला १९७०च्या दशकात मिळालं. इंजिन १०८९ सीसी, चार सिलेंडर, कार्बोरेटरवालं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती सगळ्यांना माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिचा प्रवास अधिकृतपणे संपला.

आपल्या निर्णयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जीपखाली वेगळी जाडजूड चासी असते, पद्मिनीखाली नसते. तिची बॉडीच सगळं वजन पेलते. त्यामुळे इंजिन बेच्या बाजूचा पत्रा दिसण्यापुरता नाही, गाडी त्याच्यावरच उभी आहे. तो कुजला असेल तर रंग देऊन भागत नाही.

कामाच्या तीन पातळ्या

पहिली पातळी: गाडी सुरक्षित चालावी एवढंच. पेट्रोलचे पाइप, पाण्याचे होज, फॅन बेल्ट, बॅटरीचं अर्थिंग, कुरतडलेली वायरिंग आणि ब्रेक. इंजिन जागेवरच राहतं.

दुसरी पातळी: आजूबाजूचे पार्ट काढून दुरुस्त करायचे. कार्बोरेटर, रेडिएटर, डिस्ट्रिब्युटर, गरज पडली तर इंजिनचं हेड. इंजिन ब्लॉक मात्र गाडीतच.

तिसरी पातळी: इंजिन बाहेर काढायचं, बे पूर्ण रिकामा करून पत्र्यापर्यंत घासायचा, नवा रंग द्यायचा, प्रत्येक नटबोल्ट चकचकीत करायचा.

पहिलीवरून दुसरीवर जाताना खर्च टप्प्याटप्प्याने वाढतो, पण तिसरीत साखळीच सुरू होते. इंजिन काढलं की क्लच प्लेट समोर येते, मग ऑइल सील, मग माउंटिंग. बे नवाकोरा झाला की बाहेरचा जुना रंग डोळ्यात खुपतो, म्हणून सगळी गाडी पेंटरकडे जाते. म्हणून तिसरी पातळी निवडायची तर संपूर्ण गाडीचं बजेट धरूनच निवडा.

अंदाज नको, मोजून बघा

पातळी ठरवायला तीन तपासण्या पुरतात.

पहिली, पत्रा. बॅटरीच्या ट्रेखाली आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं जातं तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. बॅटरीचं ॲसिड सांडून ट्रेखालचा पत्रा हमखास खराब होतो. वरवरचा गंज घासून निघतो. स्क्रू ड्रायव्हर आत घुसला तर तिथे कापून वेल्डिंग करावंच लागतं, तिथे पुट्टी चालत नाही.

दुसरी, कॉम्प्रेशन. बरीच वर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल टाका, एक दिवस थांबा आणि इंजिन हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तर कॉम्प्रेशन गेज लावा. चारही आकडे एकमेकांजवळ असले तर इंजिन खोलायची घाई नको. एखादा बराच कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, म्हणजे काम मोठं. वाढला नाही तर दोष बहुतेक व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. ते काम हेड काढून होतं, त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागत नाही.

आमच्या गाडीत तीन सिलेंडर जवळपास सारखे निघाले. चौथा कमी होता, आणि ऑइल टाकूनही वाढला नाही. या एका आकड्याने तिसरी पातळी बाद झाली.

तिसरी, पाणी. आपल्याकडे बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरायची सवय आहे. त्यातले क्षार आत साचून थर होतो, तसाच जसा गिझरच्या कॉइलवर होतो. उन्हाळ्यात चाळीसच्या वर तापमान गेलं की अशी गाडी चढावर उकळणारच. रेडिएटर साफ करून घ्या आणि यापुढे डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट वापरा.

जिथे मूळचं जपायचं नाही

पेट्रोलचे रबरी पाइप बिनदिक्कत बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८६ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, तडकतं, आणि गळलेलं पेट्रोल थेट गरम इंजिनवर पडतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीचंही तसंच. टेप गुंडाळून चालवलेली वायरिंग म्हणजे आगीला आमंत्रण. दुकानदाराकडे इथेनॉल चालणारा पाइप मागा आणि वायरिंगला फ्यूज टाका.

जिथे मूळचं जपायचं

बाकी बदलांसाठी माझा एकच नियम आहे: उद्या पूर्ववत करता येईल असाच बदल करा. पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचंय? लावा, पण जुने पार्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. पत्रा कापून, भोकं पाडून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं मात्र परत फिरवता येत नाही. शिवाय आरसीवर नोंदलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

कायद्याचा आणखी एक मुद्दा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत. आमच्या गाडीची पन्नाशी २०३६ मध्ये भरेल. आज केलेली कापाकापी तेव्हा आडवी येईल.

मोबाइल हेच सगळ्यात मोठं हत्यार

एकही नट सैल करण्याआधी बेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायर काढताना तिला नंबरची पट्टी लावा आणि पट्टीसकट फोटो घ्या. पार्ट काढतानाचा व्हिडिओ करा आणि कोणता बोल्ट कुठला ते बोलत राहा. एक शीट बनवा, त्यात तीन रकाने: 'जिवाला धोका', 'गाडी बंद पडेल', 'फक्त दिसायला'. पहिला रकाना पूर्ण संपल्याशिवाय तिसऱ्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

आमचा निर्णय

आम्ही दुसरी पातळी निवडली. हेड लातूरला व्हॉल्व्हच्या कामाला गेलंय, ट्रेखालचा पत्रा वेल्डिंग होईल, पाइप आणि वायरिंग नवीन. बेला रंग नाही.

यात दोन गोष्टी शीटमध्ये मावणाऱ्या नव्हत्या. एक म्हणजे वडिलांचे गुडघे. त्यांना आज क्लच दाबता येतो. संपूर्ण रिस्टोरेशनला दोन वर्षं गेली आणि तेव्हा त्यांना शेजारच्या सीटवर बसावं लागलं, तर चकचकीत बे घेऊन करायचं काय? दुसरी म्हणजे एअर फिल्टरचा डबा. त्यावर आजोबांनी ऑइल बदलल्याच्या तारखा पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून ठेवल्यात, शेवटची १९९९ ची. पेंटर म्हणाला, घासून एकदम नवा करून देतो. वडील म्हणाले, "त्याला हात लावू नको."

तो डबा आम्ही फक्त ओल्या फडक्याने पुसला. या वेळचं ऑइल बदललं की १९९९ च्या खाली नवी तारीख वडील लिहिणार आहेत.