माठ गार होईना तेव्हा

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी मागे पडतं आणि वळसंग येतं. एप्रिलअखेरची दुपार. ऊन मी म्हणत होतं. पत्र्याच्या शेडखाली माठ ठेवलेला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. घटकाभरापूर्वी भिजवलेलं ते गोणपाट वरच्या कडेला वाळून कडक झालं होतं. आतलं पाणी मात्र दात शिवशिवतील इतकं गार.

उष्णतेच्या लाटेचं शास्त्र या माठात सापडतं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, कोरडी हवा ते शोषते, आणि वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही घामाच्या रूपाने असंच पाझरतं. वळसंगच्या झळांमध्ये घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळत नाही. तांब्याभर पाणी, ताक आणि कडुलिंबाची सावली यांच्या जोरावर इथल्या पिढ्यांनी उन्हाळे काढले.

हाच माठ समुद्रकाठी नेला तर तितका गार होत नाही. तिथली हवा आधीच ओली, ती आणखी पाणी कुठून घेणार? देशावर झळ लागते, कोकणात उकडतं. हा फरक मराठीने कधीच ओळखला आहे. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश कमाल तापमान धरतं. शिवाय ते सहसा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर उन्हात महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरात पारा ३८ च्या आसपास होता. सोलापूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण दमट हवेत तोच जीवघेणा ठरतो. भारत आणि बांगलादेशातली त्या एप्रिलची दमट लाट माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे किमान ३० पट अधिक संभाव्य झाली होती, असं ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवून दिलं.

तापमानवाढ माठाला दोन्हीकडून घेरते. औद्योगिक युगाआधी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आता त्याच काळात जवळपास तीनदा येते, जग १.५ अंशांनी तापलं की चारदा येईल, असं आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाचा सहावा अहवाल सांगतो. दुसरीकडे, हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. हे बाष्प देणाऱ्या समुद्रातही उष्णतेच्या लाटा येऊ लागल्या आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांच्या अभ्यासानुसार, १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला सरासरी दीडने वाढत गेल्या.

ही झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. कुंभारीत विडी कामगारांच्या मोठ्या वसाहती आहेत. विडीचं पान भिजवून ओल्या फडक्यात ठेवावं लागतं, नाहीतर वळताना फाटतं. पंखा जोरात लावला तर पान वाळतं आणि तंबाखू उडते. म्हणजे पान ओलं राहावं म्हणून विडी वळणाऱ्या बाईने घामात बसायचं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही ऊब सोडत राहतो, आणि शरीराला सावरायला हवी असलेली गार रात्रच मिळत नाही.

उपाय आहेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला: आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी. आपल्याकडे त्यात मजुरीवर जगणाऱ्यांचं घड्याळही यायला हवं. दुपारी काम थांबलं तरी रोज बुडू नये, आणि इशारा देताना पाऱ्यासोबत आर्द्रताही मोजली जावी.

वळसंगमध्ये दलित वस्तीची एक विहीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, त्या विहिरीचं पाणी प्यायले होते. तहान सगळ्यांची सारखी असली तरी पाण्यापर्यंतची वाट सारखी नसते, हे या गावाला नव्याने सांगायला नको. तापत्या काळात सावली, पाणी आणि दुपारचा विसावा यांची वाटही तशीच खुली करावी लागेल. ती दया म्हणून नको, हक्क म्हणून हवी.