पानामागचे कोळी

गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची, काकडी, वांगी, भेंडी, घेवडा अशा कितीतरी पिकांच्या पानांमागे राहून रस शोषणारी कोळी कीड कीटकांत मोडत नाही. ती विंचू आणि घरातल्या कोळ्यांच्या अष्टपाद वर्गातली. तिला पंख नाहीत, स्पर्शिका नाहीत आणि पूर्ण वाढीला पाय आठ. पुणे जिल्ह्यात मुळशी आणि शेजारच्या मावळ तालुक्यात फुलांची व भाज्यांची पॉलिहाऊस आहेत. अशा पॉलिहाऊसमध्ये तिची जी जात सर्वांत चिवट ठरते, तिला दोन ठिपक्यांचा कोळी म्हणतात. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, पिवळसर हिरवी. तिच्या दोन्ही कुशींवर दिसणारे काळपट डाग म्हणजे पारदर्शक कातडीतून दिसणारे पोटातले अन्न. जगभरात अकराशेहून अधिक वनस्पतींवर या जातीची नोंद आहे.

सुईसारखे मुखांग पानात खुपसून ती एकेका पेशीतला रस आणि हरितद्रव्य ओढून घेते. रिकाम्या झालेल्या पेशी पानाच्या वरच्या बाजूने बारीक पांढरट ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके वाढले की पान फिकट पडते, तांबूस होते आणि गळते. तोवर पानांच्या बेचक्यांत बारीक कोळिष्टके धरलेली असतात. गुलाबाच्या फांद्या वाकवून खाली जे दाट पानांचे छत्र तयार करतात, ज्याला पॉलिहाऊसमध्ये ‘बेंडिंग’ म्हणतात, तिथेच तिचा तळ असतो. फवारा तिथे क्वचित पोहोचतो. कळ्यांपर्यंत जाळी आल्यावर मग धावपळ होते आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

सह्याद्रीला लागून असलेल्या मुळशीत जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. उघड्यावरच्या भाजीवर त्याचा मार बसला की कोळी आणि जाळी बऱ्याच अंशी धुऊन जातात. पॉलिहाऊसच्या छपराखाली तो मार पोहोचत नाही. पावसाळी दमटपणाने किडीची वाढ मंदावते, पण ती पानावरून हटत नाही. पुढे व्हॅलेंटाइनच्या बाजारासाठी गुलाबाची तोडणी जोरात असते, त्याच सुमारास हवा कोरडी होऊ लागते आणि दुपारचा पारा चढतो. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ कोळी व्हायला सुमारे आठवडा पुरतो. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. नराशी संयोग झाला नाही तरी तिची अंडी उबतात, फक्त त्यांतून नरच निघतात. त्यामुळे कपड्यांवरून किंवा वाऱ्याने आलेली एकटी मादीही पुढे त्याच नरांशी संयोग होऊन नवी वसाहत उभी करू शकते.

मिरची आणि जरबेऱ्यावर आणखी एक कोळी येतो, पिवळा कोळी. तो पहिल्याच्या निम्म्याहून लहान, पाव मिलिमीटरच्याही आत, आणि जाळे विणत नाही. त्याला कोवळा शेंडा लागतो. त्याने शोषलेल्या पानांच्या कडा खाली वळतात, मागची बाजू तांबूस चकाकते, जरबेऱ्याच्या पाकळ्या वेड्यावाकड्या होतात. मिरचीच्या चुरडा-मुरड्यात पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर पिवळा कोळी, आणि विषाणूजन्य पर्णगुच्छ हे तिसरेच कारण. हे ओळखल्याशिवाय औषध निवडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पिवळा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरूनही एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

फवारणीचा प्रश्न इथेच गुंतागुंतीचा होतो. दोन ठिपक्यांच्या कोळ्याने नव्वदहून अधिक रसायनांना प्रतिकार दाखवला आहे. पिढ्या झपाट्याने होतात, आणि नरांत जनुकांचा एकच संच असल्याने प्रतिकार देणारा बदल दुसऱ्या संचाआड झाकला जात नाही. औषधाच्या माऱ्यात तो लगेच निवडला जातो. 2011 मध्ये या कोळ्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हा विषारी द्रव्ये पचवणाऱ्या जनुकांची मोठी फौज त्यात सापडली. त्यातच फुलकिडे किंवा अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारले, तर कोळी कमी होण्याऐवजी उसळतात, कारण त्यांना खाणारे आधी मरतात.

हे खाणारेही कोळीच. भक्षक कोळी नाशपातीच्या आकाराचे, चकचकीत आणि लांब पायांचे असतात. भिंगाखाली दोघांतला फरक चालीवरून पटकन कळतो. पीक खाणारा एका जागी बसून असतो, भक्षक सतत धावत असतो. किडीचे अंडे गोल, भक्षकाचे लांबट आणि मोठे. भारतात निसर्गतः आढळणारा एक भक्षक म्हणजे निओसियुलस लाँजिस्पिनोसस. पाठीवरचे लांब केस त्याला जाळ्यांतून वाट काढायला उपयोगी पडतात.

जगात सर्वाधिक वापरला गेलेला भक्षक, फायटोसियुलस पर्सिमिलिस, 1950 च्या दशकाच्या अखेरीस चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर सापडला. नेदरलँड्समधले काकडी उत्पादक यान कोपर्ट यांनी 1967 मध्ये आपल्या काचगृहातल्या कोळ्यांवर तो सोडला आणि त्यातून भक्षक पुरवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. हा भक्षक केवळ जाळे विणणाऱ्या कोळ्यांवर जगतो. भक्ष्य संपले की स्वतःही संपतो. 1980 च्या दशकात डच संशोधकांनी दाखवून दिले की कोळ्यांनी शोषलेले घेवड्याचे झाड विशिष्ट गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागाने भक्षक येतात.

भक्षक सोडायचे तर कीड विरळ असतानाच. जाळी धरल्यावर सोडलेले भक्षक कमी पडतात. म्हणून दर आठवड्याला दहापट भिंगाने खालच्या पानांची मागची बाजू पाहणे आवश्यक, विशेषतः दारालगतच्या आणि जास्त तापणाऱ्या ओळींत. भक्षकांची अंडी कोरड्या हवेत सुकून जातात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे धुक्यासारखे तुषार सोडणारे फॉगर चालवून आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राखावी लागते. यामुळे किडीलाही वेसण बसते; मात्र पाने तासन् तास ओली राहिली तर बुरशीजन्य रोग येतात, म्हणून फॉगर थोडा थोडा वेळ चालवतात. फवारणी टळत नसेल तर भक्षकांना कमी अपाय करणारे कोळीनाशक निवडून ते पानांमागे पोहोचेल असे, फक्त कीड दिसलेल्या ओळींवर मारतात आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातले वापरतात. विद्राव्य गंधक स्वस्त असले तरी कडक उन्हात पाने करपवते, आणि भक्षकांनाही ते पूर्ण निर्धोक नाही.