गरी गिळली तर दोरी ओढू नका



या पेजवर आपण भाव, बर्फ, परवाने, होडीची कागदपत्रं यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एक तरी कुत्रा आहे. कुणी पाळलेला, कुणी नुसता भाकरीवर वाढलेला. रात्री होडी आणि जाळी तोच राखतो. आणि आपल्याच सामानामुळे त्याचा जीव जाऊ शकतो, हे मला मागच्या पावसाळ्यात कळलं.

मी ओटल्यावर बसून गरींना चारा लावत होतो. फोन आला म्हणून आत गेलो. दोन मिनिटांत परत आलो तर आमच्या मोत्यानं कोळंबीचा तुकडा गरीसकट गिळला होता. तोंडातून हातभर तंगूस लोंबत होता. मी काय केलं? तंगूस धरला आणि ओढला. तो असा किंचाळला की शेजारचे धावत आले. तोंडातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, ओढल्यामुळे गरी आणखी खोल रुतली. दुर्बिणीनं निघेना, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मोत्या वाचला. पण जी जखम छोटी राहिली असती ती मी मोठी केली. म्हणून हे लिहितोय.

कुत्र्याला गरी कळत नाही, वास कळतो. ज्याला मासळीचा वास ते खाणं, एवढंच त्याला ठाऊक. आपल्या घरात तर जाळं, दोरी, थर्माकोल, हातमोजे, फडकी, सगळ्यालाच तो वास असतो.

गरी गिळली असेल तर हे लक्षात ठेवा:

१. दोरी ओढायची नाही. गरीला उलटा काटा असतो, ओढली की ती मांसात घुसते.
२. दोरी तोंडाजवळ तोडायची नाही. बाहेरचा तुकडा लांब ठेवा आणि गळ्यातल्या पट्ट्याला सैल बांधा. डॉक्टरांना त्या दोरीचा उपयोग होतो.
३. उलटी करवायची नाही. आत जाताना जे फाटलं नाही ते बाहेर येताना फाटतं.
४. खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.
५. तशीच दुसरी गरी बरोबर न्या. आकार बघून डॉक्टरांना अंदाज येतो.

नुसता तंगूस किंवा जाळ्याचा तुकडा गिळला तर पुष्कळ जण म्हणतात, "जाईल शेणातून." छोटा तुकडा कधी जातोही. पण लांब दोरीचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं, की आतडं पुढे सरकायला बघतं आणि त्या दोरीवर चुण्या पडत जातात. लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा होतं ना, तसंच. मग ती बारीक दोरी आतडं आतून कापते. मागच्या बाजूनं दोरी लोंबताना दिसली तरी ओढू नका. उत्तरायणानंतर अंगणात पडलेल्या मांजाचंही हेच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी जानेवारीनंतर तो गच्चीवर, झाडाखाली सापडतोच. दिसला की गोळा करून टाका.

जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पोटात राहिल्या तर आम्लात हळूहळू विरघळतात आणि शिसं रक्तात उतरतं. उलट्या, पोटदुखी, अशक्तपणा, पुढे झटकेसुद्धा येतात. एक्स-रे काढला की गोळी लगेच दिसते, म्हणून डॉक्टरांना सांगा की घरात शिसं आहे.

आता घरातल्या बाकीच्या वस्तू. बॅटरीचे सेल, खास करून बटणासारखे चपटे, काही तासांत आतून भाजतात. गाडीच्या इंजिनातलं कूलंट गोड लागतं म्हणून कुत्रा चाटतो, आणि त्यानं किडनी निकामी होते. डांबरगोळ्या, उंदराचं औषध, आपल्या दुखण्याच्या गोळ्या, चॉकलेट, कांदा, मनुका, हे सगळं त्याच्यासाठी विष आहे. उंदराच्या काही औषधांचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो, मग एकदम रक्तस्राव सुरू होतो. म्हणून "काही झालं नाही" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. शिंगीसारख्या माशांचे काटे कापून कुत्र्यापुढे टाकायची सवयही सोडा. तो काटा माणसाच्या हातात घुसला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट आपल्या बायाबापड्यांना मुद्दाम सांगतो. कुत्र्यानं काही गिळलं की मिठाचं पाणी पाजायची जुनी पद्धत आहे. ती बंद करा. जास्त मीठ पोटात गेलं तर त्यानंच कुत्रा मरू शकतो. डिझेल, रॉकेल प्यायला असेल तर उलटी तर मुळीच करवू नका, ते फुप्फुसात जातं. सेल गिळला तरीही तेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर आपल्याला वाटतं हाड अडकलं. ते रेबीजही असू शकतं. अशा कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालू नका, ओळखीचा असला तरी. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी द्या.

न्यायचं कुठे? आपला नेहमीचा जनावरांचा डॉक्टर आधी गाठा, निघण्यापूर्वी फोन करा. मोठं काम असेल तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वडोदऱ्यापासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. बेवारस कुत्रा असेल तर १९६२ वर फोन करा. गुजरातमध्ये २०१७ पासून करुणा अँब्युलन्स त्या नंबरवर येते. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

यातलं काहीच व्हायला नको असेल तर काम सोपं आहे. गऱ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, थर्माकोलला टोचून ठेवू नका, कारण कुत्रा थर्माकोलही चावतो. काम सुरू करताना गऱ्या मोजा आणि उठताना परत मोजा. जाळं धुऊन उंच टांगा. तंगूसाचे तुकडे जमिनीवर पडू न देता बरणीत टाका. चारा लावताना कुत्र्याला बांधा, आणि उठायचं असेल तर डबा बरोबर घेऊन उठा. मी तेवढंच केलं नव्हतं.

सोसायटीच्या ऑफिसात दाराशी एक जुना डबा ठेवला आहे. मोडक्या गऱ्या, शिशाच्या गोळ्या, तंगूसाचे तुकडे त्यात आणून टाका. नदीकाठी फेकलेला तंगूस पक्ष्यांच्या पायातही अडकतो, तेही वाचतील.

मोत्या आता ठीक आहे. मी गऱ्यांचा डबा काढला की स्वतःच उठून अंगणाच्या टोकाला जाऊन बसतो. त्याला धडा कळला. आता आपण लक्षात ठेवूया.

आपला,
सचिव