आधी लिंबू, मग लाकूड

परफ्यूमच्या दुकानात कागदाच्या पट्टीवर फवारा मारतात, आपण दोन श्वास घेतो आणि निकाल देऊन टाकतो: 'फ्रेश आहे', 'रुबाबदार वाटतो'. पण तेवढ्या वेळात नाकापर्यंत पोचतात ते त्यातले सर्वांत उडाणटप्पू रेणू. वर लिंबूवर्गीय फळांचा गंध आणि तळाशी लाकडाचा, अशा युनिसेक्स परफ्यूमची पारख तर इतक्यात होऊच शकत नाही. त्याचे दोन्ही भाग दोन वेगळ्या वेळी भेटतात.

संत्र्याचं साल दाबलं की जो बारीक तुषार उडतो, त्यात मुख्यतः लिमोनीन असतं. या रेणूत कार्बनचे 10 अणू, रेणुभार 136. चंदनाच्या तेलातल्या सँटॅलॉलमध्ये कार्बनचे अणू 15 आणि रेणुभार 220. शिवाय त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट असतो, त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून राहतात. लिमोनीन 176 अंश सेल्सियसला उकळतं, सँटॅलॉलला साधारण 300 अंश लागतात. मनगटाच्या उबेत लिमोनीन काही मिनिटांत निघून जातं, सँटॅलॉल तासन् तास थोडं थोडं उडत राहतं. सहाणेवर उगाळलेलं गंध कपाळावर सुकल्यावरही दरवळतं ते यामुळेच.

लिंबू उडून गेलं आणि लाकूड अजून वर आलेलं नाही, ही मधली पोकळी भरण्यात सुगंधकाराची खरी कसोटी लागते. एडमों रुदनित्स्का यांनी 1966 मध्ये दिओरसाठी 'ओ सोवाज' बनवताना तिथे हेडिओन हा जाईच्या जातीचा, हलका, हवेशीर वासाचा रेणू वापरला. हे परफ्यूम पुरुषांसाठी म्हणून बाजारात आलं होतं, आणि त्याच्या मध्यभागी होतं फूल! फुलं बायकांची आणि लाकूड पुरुषांचं, ही वाटणी बाजारानं केलेली आहे. रेणूंना त्यातलं काही ठाऊक नसतं. 1994 मध्ये कॅल्व्हिन क्लाइननं आणलेल्या 'सीके वन'मध्ये आल्बेर्तो मोरिलास आणि हॅरी फ्रेमाँ यांनी बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, जाई, देवदाराच्या कुळातलं लाकूड आणि कस्तुरीसारखे गंध एकत्र बांधले, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच बाटली ठेवली. तेव्हा ती मोठी नवलाई ठरली. वास्तविक योहान मारिया फारिना या इटालियन माणसाच्या घराण्यानं 1709 पासून जर्मनीतल्या कलोन शहरात विकलेलं बर्गमॉटचं सुगंधी पाणी स्त्रिया आणि पुरुष दोघंही वापरत. आपल्याकडे कनौजच्या पारंपरिक भट्ट्यांत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणजे गुलाबाच्या अत्तराच्या बुडाशीही लाकूडच. लग्नात ते अत्तर हाताला लावताना समोर बाई आहे की पुरुष, हे कोणी पाहिलं नाही.

आता प्रश्न व्यक्तिमत्त्वाचा. असं परफ्यूम लावणारी व्यक्ती मोकळी, शांत, ठाम वाटते असं जाहिराती सांगतात. तो स्वभाव बाटलीत असतो का? एक अडचण तर नाकापाशीच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये गंधग्राहकांच्या, म्हणजे नाकातल्या वास टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे 400 ग्राहक काम करतात आणि त्यांच्या जनुकांत माणसागणिक फरक असतात. आयसो ई सुपर हा काष्ठगंधी कृत्रिम रेणू काहींना मखमली देवदारासारखा वाटतो, काहींना जवळजवळ जाणवतच नाही. एकाच परफ्यूममधून दोघांना दोन वेगळी माणसं दिसली, तर दोघंही खरंच सांगत असतात.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या क्रेग रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा 2009 चा प्रयोग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. काही पुरुषांना सुगंधी डिओडरंट दिलं, काहींना बिनवासाचं. मग त्यांचं मूक चित्रीकरण स्त्रियांना दाखवलं. पडद्यावरून वास येणं शक्यच नव्हतं, तरीही सुगंध लावलेले पुरुष अधिक आकर्षक ठरले. त्यांच्या स्थिर छायाचित्रांत मात्र हा फरक दिसला नाही. म्हणजे चेहरा तोच होता, बदल झाला होता तो हालचालीत, वावरण्यात. लावणाऱ्यालाच आधी स्वतःबद्दल बरं वाटलं आणि पाहणाऱ्याला ते दिसलं.

प्राग इथल्या संशोधकांनी 2012 मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवली. नुसती हुंगली तेव्हा लोकांनी स्वतः निवडलेली परफ्यूम आणि संशोधकांनी दिलेलं परफ्यूम यांत सुखदपणाचा फरक नव्हता. काखेतल्या नैसर्गिक गंधात मिसळल्यावर मात्र स्वतः निवडलेल्या परफ्यूमचं मिश्रण इतरांना अधिक सुखद वाटलं. आपल्या अंगाला काय शोभेल हे नाकाला कळतं, आपल्याला ते शब्दांत सांगता आलं नाही तरी. म्हणून भेट म्हणून असं परफ्यूम घ्यायचं तर ज्याच्यासाठी आहे त्यालाच सोबत न्यावं, त्याच्या मनगटावर लावावं आणि चार तासांनी, लाकूड वर आल्यावर, मग पैसे मोजावेत.