दहावीचा निकाल आणि आपण पालक

मी प्राथमिकला शिकवते. चौथीत माझ्या वर्गात असलेली मुलं बघता बघता दहावीला बसतात. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी, दुपारी एक वाजता ऑनलाइन लागला. लोणावळा असो की मावळातली वाडी, सगळं घर मोबाईलभोवती जमतं. लगेच नातेवाइकांचे फोन: "किती पडले?"

पालकहो, त्या दिवशी मुलाला आधी जेवू घाला. निकाल त्याला स्वतः पाहू द्या. फोन तुम्ही घ्या, "संध्याकाळी सांगतो" म्हणा. शेजारच्या मुलाचे गुण काढूच नका.

विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं असं नाही, हे आपल्याला आधी माहीत हवं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, म्हणून शाळेत लगेच विचारा.

मूल गप्प गप्प असेल, तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. शासनाची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास. गुणपत्रिका पुन्हा सुधारता येते. आपलं लेकरू जवळ असणं महत्त्वाचं.