संगणक बंद करण्याचा हक्क कोणाचा?

विषय ऐकून मागच्या बाकांवर हसू आलं. संगणक बंद करायला परवानगी कसली? पण जे शाळेची संगणक-खोली सांभाळतात किंवा ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहेत, ते हसले नाहीत. त्यांना माहीत आहे, की पडद्यावर ‘शट डाउन’ दिसतच नाही, किंवा दाबलं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. अ‍ॅडमिन सर तालुक्याला गेलेले असतात. मग पोरगं काय करतं? खाली वाकतं आणि भिंतीतलं बटण बंद करतं.

सातारा-सांगलीच्या माणसाला सामाईक विहीर समजावून सांगावी लागत नाही. चार भावांत एक विहीर, एक मोटर, ज्याची त्याची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, तो हिरवं बटण दाबून मोटर चालू करतो आणि पाळी संपली की लाल बटण दाबतो. त्यासाठी थोरल्याला उठवायला कोणी जात नाही. पण स्टार्टरची पेटी उघडून आतली जोडणी बदलायची असेल, तर चौघांना विचारायला पाहिजे. बंद करणं वेगळं आणि पेटी उघडणं वेगळं. संगणकात मात्र हे दोन्ही हक्क बरीच वर्षं एकाच माणसाच्या खिशात राहिले.

याला कारण होतं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात झाली. पुढच्या काळातला युनिक्सचा संगणक म्हणजे एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनलं. एकाच वेळी दहा-वीस माणसं त्यावर काम करायची. एकानं ते बंद केलं तर बाकी सगळ्यांचं काम बुडणार. म्हणून बंद करण्याचा आदेश फक्त ‘रूट’ला, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाला. नियम बरोबर होता. पुढे परिस्थिती बदलली, नियम तसाच राहिला.

आपल्याकडे गावात सामाईक संगणक आला तो वेगळ्या पद्धतीनं. वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरून वाहते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते. त्या पट्ट्यात १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवती ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. दोन्ही जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात होती. गावात एक केंद्र, तिथे संगणक, समोर ऑपरेटर. ऊस किती गेला, बिल किती झालं, हे शेतकरी विचारायचा आणि ऑपरेटर बघून सांगायचा. इंटरनेटचा गाजावाजा बराच झाला, पण प्रत्यक्ष वापर मुख्यतः कारखान्याच्याच कामाचा होता. म्हणून तर २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. तो विषय वेगळा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की हा संगणक अनेकांचा होता, पण एका वेळी समोर एकच माणूस. दहा टर्मिनलं नाहीत, विहिरीसारखी पाळी.

पाळीच्या यंत्राला टर्मिनलच्या यंत्राचा नियम लावला की काय होतं? लोडशेडिंगचे दिवस आठवा. वीज गेली, यूपीएस ओरडायला लागला. जुनी बॅटरी, फार तर दहा मिनिटं. समोरच्या मुलीला बंद करता येत नाही, ती नुसती बघत बसते. आणि संगणक लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर नेत नाही, बरंचसं आधी मेमरीत धरून ठेवतो. लिनक्समध्ये साधारण अर्धा मिनिट ते तिथे थांबू शकतं. तेवढ्यात वीज तुटली तर अर्धी नोंद डिस्कवर, अर्धी हवेत. हल्लीच्या फाइल-प्रणाली स्वतःची रचना बऱ्यापैकी सावरून घेतात, पण न जतन झालेला दाखला परत आणून देत नाहीत.

दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो. रोज कटकट नको म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला जातो. म्हणजे लाल बटण नाकारलं आणि अख्खी पेटी उघडी टाकली.

मग उपाय काय? पासवर्ड वाटायचा नाही, तेवढा एक हक्क सुटा करून द्यायचा. विंडोजच्या साध्या आवृत्तीत तो मुळात सगळ्या वापरकर्त्यांना असतो. नसेल तर कोणीतरी काढलाय. प्रो आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडा, ‘यूजर राइट्स असाइनमेंट’मध्ये ‘शट डाउन द सिस्टिम’ शोधा आणि त्यात ‘यूजर्स’ हा गट घाला. पण त्याच यादीत दूरच्या यंत्रावरून बंद करण्याचा वेगळा हक्क आहे, त्याला हात लावू नका. तो अ‍ॅडमिनकडेच राहू द्या.

लिनक्सवाल्यांसाठी जुना मार्ग म्हणजे सुडो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात तो लिहिला गेला. त्याच्या नियमांच्या फाइलीत एक ओळ घालायची: अमुक गटाला ‘पॉवरऑफ’ हा एवढाच आदेश, पासवर्ड न विचारता. फाइल ‘व्हीसुडो’नंच उघडा, ते चूक असली तर जतन करताना अडवतं. आणि आदेशाच्या जागी मुलांना बदलता येईल अशी स्क्रिप्ट ठेवू नका, नाहीतर पहिला हुशार मुलगा त्यात हवं ते लिहून रूट होईल.

नवी पद्धत मला जास्त आवडते. सिस्टिमडी आणि पोलकिट ही जोडी माणसाचं पद विचारत नाही, तो कुठे बसलाय हे बघते. यंत्रासमोर बसून लॉगिन केलंय? मग करा बंद. दुरून नेटवर्कवरून आलाय? मग पासवर्ड द्या. आणखी कोणाचं सत्र चालू असेल, तर त्यासाठी निराळा नियम आहे, तिथे पासवर्ड मागायला लावता येतो. म्हणजे पाळी कोणाची, हेच ते तपासतात.

(श्रोत्यांतून: पण पतसंस्थेत असं चालेल का? आमच्या एका मशीनवर सगळे काउंटर चालतात.)

नाही चालणार, आणि बरं झालं विचारलंत. ते यंत्र पाळीचं नाहीच, ते जुन्या युनिक्ससारखं आहे. एकानं बंद केलं तर सगळी खिडकी ठप्प. विंडोजच्या सर्व्हर आवृत्तीत म्हणूनच हा हक्क साध्या वापरकर्त्याला मुळातच नसतो. तुमच्याकडे सर्व्हर म्हणून साधा पीसी ठेवला असेल, तर ‘यूजर्स’ हा गट तिथून उलट काढून टाका. आणि मुख्य म्हणजे ते मशीन काउंटरवरून उचलून कुलपाच्या खोलीत न्या. हाताशी असेल तर कोणीतरी बटण दाबणारच.

(श्रोत्यांतून: मग आमच्या शाळेत बटण दाबलं तर बिघडतं का?)

कसं दाबता त्यावर आहे. एकदा टिचकी मारली, तर बटण फक्त प्रणालीला कळवतं. मग ती व्यवस्थित बंद होईल की झोपेल, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. शाळेत ‘शट डाउन’ ठेवा. चार सेकंद दाबून धरलं, तर प्रणालीला न विचारता वीज तुटते. मुलांना हा फरक पहिल्याच तासाला करून दाखवा. यंत्र अडकलं तरच दाबून धरायचं, एरवी टिचकी. आणि भिंतीतलं बटण दिवे गेल्यावर, म्हणजे मॉनिटरचा नाही, सीपीयूचा दिवा.